मॉडची पंगत

चिरंजीव निषाद यास लवळ्याहून वाल्मीककाकाचा आशीर्वाद. (घ्यायचा नसला तर पाकिटातच राहू दे, वाया जाणार न्हाई.) तुझी तब्येत बरी असंल, जेवण वेळेवर होत असंल, असं तुझी काकू म्हणती. हितं माझा गुडघा आन् भाडेकरूंचा नळ, दोघंबी कुरकुरतात. तीन महिने तू फोन उचलत न्हाईस, म्हणून कागद.

चूक माझी हाय, ते आधी लिहितो. क्षितिजाचे आई-वडील तुला बघायला आले तवा मी अर्धा तास तुझी तारीफ केली. (काकू साक्षीला हाय.) आन् पाहुणे चपला घालता घालता बोलून गेलो, "दिवसभर काय, कंप्युटरवर भुतं मारतो!" गेम बनवायची बी नोकरी असती, हे मला कुटं ठावं? स्थळ मोडलं, तू हिंजवडीला गेलास तो गेलासच.

मग ठरवलं, पोरगं काय काम करतं ते बघावंच. माळ्यावरचा तुझा जुना कंप्युटर उतरवला. त्यात तो बंदूकवाला जुनाट गेम, आन् त्याला वरून जोडायच्या मॉडच्या फायली: एकीत बंदुका, एकीत भुतं, एकीत आवाज, एक दांडगी जिच्यात सगळंच नवं, आन् एक बारकी, तुझ्या हातची, नाव 'घर'. त्या एकीखाली एक लावायच्या असतात. आता क्रम म्हणजे मानपान आलं, आन् लवळ्यात पंगत बसवायला लोक मलाच बोलवतात. मी 'घर' मानाच्या पहिल्या पाटावर बसवलं. दांडगी शेवटाला, उशिरा आलेल्या पुढाऱ्यासारखी.

वाटोळं झालं रे! बंदूक उडवली की दार करकरायचं. भूत कमरेपर्यंतच यायचं, पाय मागून सवडीनं. 'घर' तर कुटंच दिसंना. सहा दिवस फायली पुसल्या, परत टाकल्या, शिव्या घातल्या (त्या लिहीत न्हाई, टपाल सरकारी हाय). सातव्या दिवशी काकू पिठाच्या हातानं येऊन बघत बसली आन् म्हणली, "अवो, ह्यात शेवटाला बोलंल त्याचंच खरं होतंय. आपल्या घरात न्हाई का?"

खरंच, शेवटची फाईल आधीच्या सगळ्यांना झाकून टाकती. माझ्या अर्ध्या तासाच्या तारिफीचं तेच झालं की. लई वाईट वाटलं, पोरा.

'घर' शेवटाला लावलं, आन् काय सांगू, आपलं अंगण! गोठा, उंबर, काकूची चूल, चुलीपाशी गेमातल्या जखमी गड्याला बरं करणारी औषधाची पेटी. असलं काम करतोस व्हय रे? परवा क्षितिजाच्या वडलांना जाऊन तुझं हे काम सांगितलं, आन् ह्या वेळी तेवढंच बोलून उठलो. पुढचं त्यांच्या मनावर.

तुझा (मानलंस तर) काका,
वाल्मीक

ता. क. दारातल्या भुताला माझं तोंड लावलंयस, ते बघितलं. तक्रार न्हाई. काकूनं त्याला अकरा वेळा मारलं, वर इचारती, अजून एक डाव हाय का.

आणखी एक ता. क. पर त्यातला माझा फोटो जुना हाय, मिशी काळी. आता पार पांढरी झालीय, भूत खोटं वाटतं. नवा फोटो तुलाच येऊन काढावा लागंल. रविवारी मी दारातच उभा ऱ्हातो.