हातात चपला घेतलेला माणूस

आप्पा, मी परदेशात घर घेते आहे. हे मी सांगायच्या आधीच तुम्हाला कळलं होतं की काय, या एका शंकेपायी मी विमानात बसून दिवेआगरला आले आहे. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली. शिकलेल्या बाईनं असं वाक्य लिहावं का, असं तुम्ही विचारणार नाही. तो प्रश्न मीच मला विचारते आहे आणि तरीही लिहिते आहे. ओटीवर बसले आहे, तुमच्याच बाकावर. वादळात निम्म्या पोफळी गेल्या, त्यामुळे इथून आता समुद्रापर्यंतचं आभाळ दिसतं. तुम्ही असताना दिसत नव्हतं.

मला शनिवार आठवतात. तुम्ही तळा गावातल्या कचेरीतून एसटीने येता, पिशवी ओटीवर ठेवता आणि चहाच्या आधी थेट वाडीत जाता. मागच्या कोपऱ्यात उंडीच्या झाडाखाली तो चिरा, आपल्या जागेवाल्याचा. घराची, वाडीची राखण करणारा तो, त्याला वर्षातून एकदा नारळ आणि विडा. एवढं तर सगळीकडेच असतं. पण तुम्ही त्याला आठवड्याच्या बातम्या सांगायचात. चपला काढून हातात धरायच्या, कारण एकदा कुत्र्यानं एक पळवली होती. दुसरा हात चिऱ्यावर ठेवायचा आणि शेजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात सांगायचं. साहेबांची बदली झाली. पंप दुरुस्तीला दिलाय. पोरीला गणितात कमी मार्क पडले. माझे मार्क कुणालाही सांगता म्हणून मी फुरंगटायची. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आधी चहा घ्या हो, तो काय कुठं पळून जातोय?" पण तुम्ही सांगून झाल्यावर तसेच उभे राहायचात. कुठूनतरी काहीतरी वाजेपर्यंत. बहुतेक वेळा पोफळीची एखादी विरी, झावळीच्या बुडाचं ते वाळलेलं रुंद पान, सुटून खाली आपटायची, तो कोरडा, रुंद आवाज. मग तुम्ही मोठ्यानं म्हणायचात, "ऐकलं." आणि चहाला यायचात.

कॉलेजच्या सुट्टीत मी तुमच्या मागं न्हाणीघराचं काम काढलं होतं. गवंडी आला, मी त्याला पाया खणायला लावलं. तुम्ही शनिवारी आलात आणि त्याच्या हातातली पहार काढून घेतलीत. मला म्हणालात, "ज्याच्या जागेत राहतो त्याला आधी सांगायचं नाही? हेच शिकलीस का तिकडं?" सगळ्यांसमोर बोललात म्हणून मला राग आला. मी म्हणाले, "आप्पा, विरी रोजच पडतात. थांबून राहिलं की काहीतरी वाजणारच." तुम्ही अजिबात चिडला नाहीत. "वाजणारच," म्हणालात, "म्हणून तर थांबायचं." संध्याकाळी तुमचा राग गेलाय असं बघून मी विचारलं, की तो दिसतो तरी कसा. तुम्ही सुपारी कातरत होतात. म्हणालात, सहसा दिसत नाही. दिसलाच तर ओळखीच्या माणसासारखा दिसतो, आपण घाबरू नये म्हणून.

आता घराचं सांगते. पोर्तुगालमध्ये आम्ही दोघं बारा वर्षं भाड्याच्या घरांत राहिलो. गणपती झाल्यावर हे घर बघितलं. समुद्राकाठचं लहान गाव, पांढऱ्या भिंती, मागं फरसबंद अंगण. अंगणात एकही झाड नाही, फक्त दगडी कुंपण. विकणारी म्हातारी एकटीच राहते. तिनं किल्ली दाखवली तर तिच्या भाषेतला शब्दही जवळजवळ आपल्या चावीसारखाच. मला बरं वाटलं. आम्ही मागच्या अंगणात गेलो तेव्हा ती सहज म्हणाली, "तुमच्या वडिलांना आवडली ना जागा?" मला वाटलं, मलाच भाषा नीट कळली नाही. पुन्हा विचारलं. ती म्हणाली, गेल्या आठवड्यात दोनदा आले होते. घरात आले नाहीत. त्या कोपऱ्यात भिंतीवर हात ठेवून उभे होते आणि काहीतरी बोलत होते, हळू, बातम्या सांगाव्यात तसं. भाषा तिला कळली नाही. मग बराच वेळ नुसतेच थांबले. "हातात बूट होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, अहो घाला, फरशी गार आहे. तर हसले."

मी स्वतःला पुष्कळदा तपासलं, आप्पा. मी तिला काही सुचवलं का? चपलांचं मी बोलले नव्हते, हे नक्की. रंग, उंची मात्र मीच विचारली आणि ती प्रत्येकाला हो म्हणत गेली, म्हणजे तो भाग मी सोडून द्यायला हवा. यांना सांगितलं तर हे हसले. "अगं, इथं आपल्याकडची म्हातारी माणसं काय कमी आहेत? आला असेल एखादा घर बघायला. आणि सासरेबुवा आलेच असतील तर चांगलंच, त्यांना म्हणावं गळती कुठं आहे तेही बघून ठेवा." मीही हसले. पण सह्यांची तारीख मी दोनदा पुढं ढकलली आहे. पुढच्या आठवड्यातली तारीख चुकली तर म्हातारी घर दुसऱ्याला देईल, आणि ते बरोबरच होईल. यांना मी सांगितलं, सही करायच्या आधी एकदा गावी जाऊन येते. खरं म्हणजे मी मनाशी ठरवलं होतं, की तुमच्यासारखं उभं राहून जागेवाल्याला सांगायचं. काही वाजलं तर घर घ्यायचं. नाही वाजलं तर यांना काय वाटेल ते वाटो, सही करायची नाही.

काल दुपारी गेले. उंडी वादळात पडली, पण चिरा तसाच आहे, थोडा कललेला. मी चपला हातात घेतल्या. मग सगळं सांगितलं, की असं असं घर आहे, समुद्राजवळ आहे, झाड एकही नाही, आम्हाला मूलबाळ नाही, आता म्हातारपण तिथंच जाईल असं दिसतं. आणि थांबले. काहीच वाजलं नाही. तुम्हाला माहीत आहे, आपल्या वाडीत असं होत नाही. पक्षी असतात, पाटाचं पाणी असतं, काही नाही तर समुद्राची गाज असते. काल गाजही नव्हती. शेजाऱ्यांचा पंप चालू असताना मी आत आले होते, तोही बंद पडला. उरलेल्या पोफळींच्या झावळ्या वाऱ्यानं हलताना दिसत होत्या आणि त्यांचा आवाज येत नव्हता. ऊन पायावरून सरकत भिंतीपाशी गेलं तरी मी उभीच. मला भीती वाटत होती ती कुणीतरी असल्याची नव्हती. रिकाम्या खोलीत आपण इतका वेळ बोलत होतो, हे कळल्यावर वाटते तशी होती.

परत आले तर शेजारच्या काकू कुंपणापाशी होत्या. घर बंद असताना वाडीवर त्यांचंच लक्ष असतं. "काय गो, बापासारखी बोलत होतीस काय त्या कोपऱ्यात?" म्हणाल्या. मी म्हटलं, सांगत होते, पण काही वाजलं नाही. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "आता न्हाय वाजायचं. तिथं काय हाय आता?" मी विचारलं, म्हणजे? "म्हंजे काय बाय, बघ की." त्यांनी हात केला. चिऱ्याला पाठ लावून गल्लीतली दोन कुत्री झोपली होती, मी उभी होते त्याच जागी. त्या कोपऱ्यात कुत्रं कधी पाय ठेवत नसे, हे तुम्हीच मला दाखवलं होतंत. चप्पल पळवणाऱ्या कुत्र्यानंसुद्धा ती उंडीच्या सावलीबाहेरूनच उचलली होती. काकू म्हणाल्या, "गणपती झाल्यापासनं झोपतात तिथं. मला आधी दिवेलागणीला तिकडं जायची छाती नव्हती. आता मी पानांचा पातेरा पण झाडून येते. सवय गेली घाबरायची, आणि खरं सांगू, करमत न्हाय." मग हसून म्हणाल्या, "तुझी आई आज असायला पायजे होती, तिला सांगितलं असतं. पळून गेला म्हणावं."

मी घरात येऊन पाणी प्यायले, तेवढ्यात यांचा फोन आला. पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घ्यायला हे त्या घरी गेले होते. सही झालेली नाही, आणि यांना पडदे सुचतात. मापं सांगता सांगता थांबले आणि म्हणाले, "अगं, एक गंमत. मगाशी मागच्या अंगणात केवढ्यानं काहीतरी पडलं. मोठं, कोरडं काहीतरी, पुठ्ठा आपटावा तसं. मी धावत गेलो तर काहीच नाही. तिथं झाडही नाही पडायला. म्हातारी खिडकीतून बघत होती, तिनंही ऐकलं." मी विचारलं, मगाशी म्हणजे कधी. "तुला फोन लावायच्या जरा आधी. का गं?" मी म्हटलं, काही नाही, मापं सांगा.

आप्पा, मी त्याला बोलावलं नव्हतं. तुम्ही आणलंत का त्याला? की तोच गेला, तुमच्यासारखा होऊन, मी घाबरू नये म्हणून? आणि ही जागा आता उघडी पडली, त्याचं काय? काकूंना करमत नाही, ते माझ्यामुळे का? मला यातलं काहीच कळत नाही. मी सही करणार आहे, एवढं कळतं. हे पत्र लिहून चिऱ्याखाली ठेवून जायचं, असं येतानाच ठरवलं होतं. ते आता ठेवत नाही. तिथं वाचायला कुणी नाही, आणि तिकडं नेलं तर हे विचारतील.

एक मात्र सांगायचं राहिलं. फोन ठेवल्यावर त्या रिकाम्या घरात मी मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं." कुंपणापलीकडून काकूंनी विचारलं, "कोणाला म्हणतेस गो?" मला ते माहीत नव्हतं, आणि चपला अजून माझ्या हातातच होत्या.