शिवडीतली साक्ष

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्यावर एकदाही रागावले नव्हते. आता रागावले आहे. भांडायला तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसले.

गेल्या महिन्यात आईला परळच्या इस्पितळात ठेवलं. साखरेमुळे तिच्या तळपायाची जखम भरत नाही. डॉक्टर म्हणाले, "आजी, चपला घाला, नाहीतर पाऊल काढावं लागेल." आई नुसती हसली. तिचा नवस तुम्हाला ठाऊकच आहे. मी चौदा वर्षांची असताना तिने गावच्या देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं की नवऱ्याची दारू सुटू दे, मी जन्मभर पायात वहाण घालणार नाही. मे महिन्यात ती गावाहून आली आणि जूनमध्ये तुम्ही दारू सोडलीत. तेव्हापासून बत्तीस वर्षं ती लालबागच्या तापल्या रस्त्यांवरून अनवाणी चालते आहे. आता तरी पुरे म्हटलं, तर म्हणाली, "देवाक दिलेलो शब्द माणूस गेलो म्हणान मोडूचो नसता."

त्या रविवारी वॉर्डात आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणारी चारपाच माणसं आली. त्यातल्या एका म्हाताऱ्याने आईची विचारपूस केली. राहता कुठे, मालक काय करायचे. गिरणी बंद झाल्यावर शिवडीच्या गोदामात होते, असं आई म्हणाली आणि त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. खाली चहा घ्यायला गेले तर तो मागोमाग आला. म्हणाला, "तू त्याचीच मुलगी ना गं? हात बरा आहे ना तुझा आता?"

माझा डावा हात तुम्ही दारूच्या नशेत पिरगळून मोडला होता, हे आपल्या तिघांखेरीज कोणाला माहीत नव्हतं. मी जिन्यावरून पडले, असं आपण चाळीत सांगितलं होतं. आणि हा परका माणूस हातात कटिंग धरून माझ्या हाताची चौकशी करत होता.

मग त्याने सगळं सांगितलं. तो तुमच्याच गोदामात क्रेन चालवायचा. सहाला ड्युटी सुटली की वाटेत गुत्ता लागायचा, म्हणून तो तुमच्या दंडाला धरून तुम्हाला पलीकडच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये न्यायचा आणि तलफेची वेळ टळेपर्यंत बसवून ठेवायचा. पहिले काही आठवडे तुमचे हात इतके थरथरायचे की तो तुम्हाला बशीतून चहा पाजायचा. "आम्ही काय केलं? प्रभूने उचललं त्याला," तो म्हणाला. पुढे दर बुधवारी तुम्ही जायचात, आणि घरी ओव्हरटाइम आहे म्हणायचात. दरवर्षी जूनमध्ये उभं राहून साक्ष द्यायचात. मी माझ्या पोरीचा हात मोडला, असं म्हणून सगळ्यांसमोर रडायचात. बाप्तिस्मा मात्र तुम्ही घेतला नाहीत. का, ते त्याने विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "बायको अनवाणी चालते रे माझी. तिला काय सांगू?"

म्हणजे तुम्हाला ते दिसत होतं. पहिल्या पगारात मी आईसाठी चपला आणल्या तेव्हा तुम्ही मला झापलंत, "तिच्या श्रद्धेत नाक खुपसू नको," आणि खोका उचलून स्वतः दुकानात परत देऊन आलात. मला वाटलं, केवढा मान राखतात आईचा. तुम्ही येशूला मानलंत त्याचा मला राग नाही. त्याने तुम्हाला वाचवलं आणि आम्हाला घर दिलं, त्याच्यापुढे मी हात जोडते. पण तुमची माफी माझी होती, बाबा. ती तुम्ही एकवीस वर्षं शिवडीत वाटत राहिलात, आणि घरी माझ्या समोर बसून मुकाट्याने जेवलात. तुम्ही मला फसवलंत आणि आईला तर जास्तच.

आता हे ओझं माझ्याकडे आलं आहे. दारू नवसाने सुटली नाही हे कळलं, तर कदाचित आई चपला घालेल आणि तिचं पाऊल वाचेल. पण मग बत्तीस वर्षं ती कशासाठी चालली, हे तिने मला विचारलं तर? तीन आठवडे मी रोज डबा घेऊन जाते, तिच्या उशाशी बसते, तोंड उघडते आणि भाजी कशी झाली ते विचारते.

काल बुधवार होता. तुमच्या नावाने चार शब्द सुनावायचे म्हणून मी त्या हॉलमध्ये गेले. पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या, वीसेक माणसं. कोणाला काही सांगायचं आहे का, असं त्यांनी विचारलं आणि माझ्याही नकळत मी उभी राहिले. हात, चपला, आईची जखम, मी गिळून बसलेली गोष्ट, सगळं बोलले. मध्ये कोणी काही विचारलं नाही. शेजारच्या बाईने पाठीवर हात ठेवला. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तिथून चालत इस्पितळात गेले. आईने विचारलं, "आज उशीर झालो गो?"

मी म्हटलं, "ओव्हरटाइम होता."