दुपारी तीनचा नाला

२८ मे
जाहीर निषेध. बूट वाळत नाहीत. ज्या शहरात सकाळी घातलेला पापड जेवायच्या आत कडकडीत होतो, ज्या शहराच्या चपला जगभर मिरवतात, तिथं एका करदात्याचे बूट आठवडाभर बाल्कनीत ओले राहतात, ही बाब गंभीर आहे. बायकोनं, मंगलनं, आत वर्तमानपत्र कोंबलं. माझ्याच सदराचं पान. माझ्या लिखाणानं पहिल्यांदाच काहीतरी शोषून घेतलं.
मंगल म्हणते, वाळलेत कधीच. मी हात घालून बघितलेलं नाही.

२९ मे
माझ्या मित्राचं, दिगूचं तेरावं. शाहूपुरीतल्या घरात माणूस मावेना. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: पाणी अचानक वाढलं. हे वाक्य माझं. हिमालयातल्या ट्रेकवरून त्याच्या बायकोला, शैलावहिनींना, फोन केला तेव्हा मीच जुळवलेलं. आजवरचं माझं सर्वांत खपलेलं वाक्य.
गडहिंग्लजचे त्याचे चुलते माझा हात धरून म्हणाले, "पावणं, तुमी सोबत हुतासा, तेवढंच समाधान."
वहिनी वाढायला आल्या. भावजी, भात घ्या की, म्हणाल्या. घेतला.

३१ मे
अचानक नव्हतं. इथं तरी लिहितो.
माझं डोकं उठलेलं. वाटाड्या प्रेमसिंग बाकीच्यांना घेऊन पहाटे पुढं गेला, दिगू माझ्यासाठी मागं राहिला. जाताना प्रेमसिंगनं दोघांना बजावलं, "कल सुबह छह बजे पार करना. दोपहर में नाला मत छूना." बर्फ उन्हात वितळतं, ते पाणी दुपारी खाली पोचतं. पहाटे नाला बारीक असतो. शाळकरी पोराला कळेल इतकं सोपं.
दुपारी डोकं थांबलं आणि मीच म्हटलं, चल.
नाल्यावर पोचलो, दु. ३. दिगूनं पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड ठेवला. चपाती-चटणी संपेस्तोवर दगड पाण्याखाली.
"दगड बुडाला की रं."
मी आभाळ दाखवलं. ढग न्हाय, थेंब न्हाय, पूर कुठला? जन्म गेला पंचगंगेच्या पुलावर पूर बघण्यात. आपल्याकडं ऊन पडलं की पाणी उतरतं, लोक पोरंबाळं घेऊन बघायला येतात. ऊन म्हणजे सुटका. तिथं ऊनच पूर आणतं. ऐकलेलं होतं, डोळ्यांना पटत नव्हतं.
दिगूला पटलं होतं. कागलच्या एमआयडीसीत त्याचं लेथचं वर्कशॉप. मशीनचा आवाज जरा बदलला तरी ताटावरून उठणारा माणूस. वाकून ऐकत होता. "खाली दगड चालल्यात. पाणी ढकलाय लागलंय त्यास्नी. सकाळी जाऊया."
मी म्हटलं, भ्या वाटत असंल तर तसं सांग, दिग्या.
आमच्या गावच्या पन्नाशीतल्या गड्याला एवढं बास होतं.

१ जून
पुढचं काल लिहवेना.
काठी एकच. माझी खेचरावर पुढं गेलेली. त्यानं त्याची दिली. "तू धर. तुझं गुडघं लेखकाचं हाईत. पलीकडं गेलास की फेक."
गेलो. मांडीपर्यंत पाणी, मग कंबरेपर्यंत. काठी नसती तर...
पलीकडं पोचलो. काठी फेकायची होती. मी आधी विनोद केला. दोन्ही हात वर करून ओरडलो, काठीसकट. काय ओरडलो ते इथंही लिहिणार नाही. बरा होता विनोद. दिगू हसला आणि हसत हसतच पाण्यात उतरला.
दुसऱ्या दिवशी पहाटे प्रेमसिंगला तो खाली, वळणावर सापडला. नाला तेव्हा गुडघाभरसुद्धा नव्हता.

४ जून
संपादकांचा फोन. मित्रावर लेख हवा. "तुमच्या शैलीत. हलकंफुलकं, शेवटी डोळे पाणावतील असं." बघतो म्हटलं. ठेवला.
संध्याकाळी मंगल दारामागं झाडत होती. काठी निघाली. कुणाची, विचारलं. माझी, म्हटलं. तिनं ती उलटी केली. खालचं पोलादी टोक दिगूनं स्वतः लेथवर केलेलं, त्यावर त्याचं नाव ठोकलेलं. मंगलनं वाचलं, काठी होती तिथं ठेवली.
जेवताना एवढंच म्हणाली, वहिनींना दुसऱ्या कुणाकडनं कळू देऊ नका.
दुसऱ्या कुणाला माहीत आहे कुठं? म्हणजे मी गप्प बसलो तर झालंच की.
झोप नाही.

७ जून
बुटात हात घातला. कोरडे. घालून शाहूपुरीत गेलो, चालत, काठी घेऊन. रस्त्यात दोघांनी पाय मुरगळला का विचारलं. व्हय म्हटलं.
वहिनी शिक्षिका, सोमवारपासून शाळा; हजेरीपटावर नावं लिहीत होत्या. काठी पुढं केली. दिगूची आहे, परत द्यायची राहिली होती.
त्यांनी टोकावरच्या नावावरून अंगठा फिरवला. म्हणाल्या, "भावजी, म्हणजे ही त्यांच्या हातात नव्हती?"
"न्हाय."
पेन खाली ठेवलं त्यांनी. मी पांढऱ्या दगडापासून सुरुवात केली. भ्यायचं जे बोललो तेही सांगितलं. विनोदही, शब्दन् शब्द. पहिल्यांदाच त्यावर कुणी हसलं नाही.
संपल्यावर त्या काठी घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं. निघायचं की थांबायचं, कळेना.
थांबलो.