परवानगीशिवाय सोडलेला इशारा

१४ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. छोटीचा खोकला थांबला का? आईला नवा चष्मा आणला. आता तिला पेपरातल्या सगळ्या चुका दिसतात आणि त्या मला ऐकाव्या लागतात.

तू हल्ली फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. वहिनीने तुझी चिठ्ठी दिली. “माफीचे चार शब्द लिहून दे, नोकरी वाचेल,” म्हणतोस. नाही देणार.

त्या दुपारी आपत्ती कक्षात मी एकटीच होते. कारखान्यातून वायू गळतोय हे कळताच साहेबांना फोनवर विचारलं, इशारा सोडू का. “कारखान्याचं लेखी येऊ दे. उगाच घबराट नको,” म्हणाले. वारा वस्तीकडे होता. शाळा सुटायला आली होती. मी दहा मिनिटं थांबले, दादा. लाज वाटते ती तेवढ्याचीच. मग वस्तीतल्या सगळ्या मोबाइलवर इशारा सोडला: दारं-खिडक्या लावा, मुलांना वर्गातच ठेवा.

लेखी पाऊण तासाने आलं. तोवर पिवळट ढग शाळेच्या पटांगणावरून गेलाही होता. पटांगणात चिटपाखरू नव्हतं.

खिडकी लावायच्या घाईत एक शिवणकाम करणाऱ्या आजी पडल्या, हात मोडला. चौकशीत तेच माझ्या माथी मारतायत. मी दवाखान्यात गेले, मान खाली घालून. त्या म्हणाल्या, “अगं, हात जुळेल. माझा नातू होता त्या शाळेत. पुढच्या वेळी जरा लवकर वाजव.”

साहेबांनी तीनदा विचारलं, “लेखी यायच्या आधी तुला कळलं कसं?”

“कक्षात फोन आला.”

“कुणाचा?”

“आवाज ओळखला नाही.”

तुझा आवाज ओळखला नाही म्हणाले, दादा! “माझं नाव घेऊ नकोस, पण काहीतरी कर,” म्हणालास तू, जिथे नोकरी करतोस त्याच कारखान्यातून. नाव घेतलं नाही, घेणारही नाही. पण मी माफी मागितली, तर तुझा तो फोनही गुन्हाच ठरतो. आणि मला तर वाटतं, आयुष्यात तू केलेलं सगळ्यात धीराचं काम तेच.

शुक्रवारी अकराला शेवटची सुनावणी आहे. मी उभी राहून सांगणार आहे, पुन्हा वेळ आली तर आधी इशारा सोडेन, साहेबांना मागाहून कळवेन. नोकरी गेली तर जाऊ दे.

साक्षीदार म्हणून कुणी आलं नाही, तरी मी हेच बोलेन. तू आलास तर मात्र आवाज कापणार नाही.

वाट पाहणारी, पण न वाकणारी,
तुझी धाकटी