फेरीवाला आत येत नाही

सोमवार, ४ मार्च

नवं घर, नवी नोकरी आणि ही नवी वही. तिन्हींची सुरुवात एकाच दिवशी झाली, त्यामुळे अक्षर आज तरी चांगलं काढते आहे.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक चिंचोळी बाल्कनी आणि स्वयंपाकघरात एक नळ, जो उघडला की आधी खाकरतो आणि मग उपकार केल्यासारखं पाणी सोडतो. भिंगरी त्याला आजोबा म्हणायला लागली आहे. भिंगरी म्हणजे माझी लेक. वय वर्षं सहा, एका जागी बसेल तर शपथ. तिचा बाबा गेल्यापासून घरात माणसं दोनच, पण बडबड दहा जणांची. खालच्या रखवालदारीणबाईंनी पहिल्याच दिवशी तिला आपल्या शिवणाच्या डब्यातलं एक निळं बटण दिलं आणि शाळेतून आलीस की रोज एक मिळेल असं कबूल केलं. आमची स्वारी खूश.

आता नोकरी. प्रोग्रामर लोक जे लिहितात त्याची प्रत्येक आवृत्ती जपून ठेवणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते. काल काय होतं, आज काय बदललं, कुणी बदललं, सगळं त्यात सापडतं. माझं काम इतरांनी केलेले बदल तपासायचं. दुसऱ्याच्या भाजीत मीठ कमी आहे हे सांगायचं आणि वर पगार घ्यायचा. दादा म्हणाला, तू हे लहानपणापासून फुकट करत आली आहेस. दादा माझा थोरला भाऊ. तो आणि वहिनी इथून बसने तासाभरावर राहतात, म्हणून तर हे गाव निवडलं.

ऑफिसात मोठ्या बाई आमच्या प्रमुख. शेजारी बसतो तो मुलगा इतक्या वेगाने टाइप करतो की सगळे त्याला सुसाट म्हणतात. कोपऱ्यात खिडकीपाशी एक वयस्कर काका बसतात. मी त्यांना नमस्कार केला तर ते दचकून उभेच राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. लाजाळू असावेत.

गुरुवार, ७ मार्च

माझ्या वाट्याला आलाय तो फोल्डरांतून फिरणारा प्रोग्राम. एका फोल्डरचं दार उघडायचं, आत काय आहे ते पाहायचं, आत आणखी फोल्डर असेल तर त्यातही शिरायचं, असं करत शेवटच्या खोलीपर्यंत जायचं. ऑफिसात त्याला फेरीवाला म्हणतात. फेरीवाल्याने पाहिलं ते आहे. त्याने पाहिलं नाही ते आमच्या सॉफ्टवेअरच्या लेखी नाहीच.

काही फोल्डर मुद्दाम सोडून द्यायची असतात, जुना कचरा वगैरे. त्यासाठी ‘हे वगळा’ असा नियम लिहितात. आजवर फेरीवाला वगळलेल्या फोल्डरमध्येही डोकावून यायचा. न जाणो, आत एखाद्या वस्तूवर ‘ही मात्र घ्या’ अशी खूण असली तर. सुसाटचं म्हणणं की यात फुकट वेळ जातो. त्याने बदल पाठवलाय की वगळलेलं दार दिसलं की फेरीवाल्याने बाहेरूनच परत फिरायचं.

बदल नीट लिहिलेला आहे. पण माझ्या जिभेला खोट सापडल्याशिवाय चैन कुठलं.

काकांशी ऑफिसात कुणीच बोलत नाही. भांडण झालेलं दिसतंय. मला काय त्याचं, मी रोज नमस्कार करते. आज ते काहीतरी सांगायला उठले होते, तेवढ्यात मोठ्या बाईंनी मला हाक मारली.

मंगळवार, १२ मार्च

खोट सापडली. बदल तपासायला आम्ही खोटी फोल्डर करून बघतो. लोक त्यांना क-ख-ग अशी कोरडी नावं देतात. मला तसलं जमत नाही. मी एक फोल्डर केलं, त्याचं नाव ‘आई’. त्याच्या आत दुसरं, ‘भिंगरी’. मग नियम लिहिले: आई वगळा, भिंगरी मात्र घ्या. चाचणीचं अपेक्षित उत्तर लिहिलं: भिंगरी सापडली.

जुना फेरीवाला आईत शिरला आणि भिंगरीला घेऊन बाहेर आला. सुसाटचा नवा फेरीवाला आईच्या दारावरूनच परत गेला. चाचणी नापास, पडदा लाल. मला अगदी गुदगुल्या झाल्या.

सुसाट वैतागला. म्हणाला, आई वगळायची आणि लेक ठेवायची असं कोण करतं? ज्याला ठेवायचंय त्याला वगळलेल्या घरात ठेवायचंच कशाला? त्याच्या बोलण्यात मुद्दा होता. प्रकरण मोठ्या बाईंकडे गेलं. त्यांनी पडद्यावरून नजरही न काढता विचारलं, “दारावरच वगळलंय म्हटल्यावर आत कोण आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय?”

गुरुवार, १४ मार्च

बदल मंजूर केला. लाल चाचणी अडून बसली होती, म्हणून सगळे करतात तेच केलं. चाचणीचं अपेक्षित उत्तर बदललं. ‘भिंगरी सापडली’ खोडून लिहिलं, ‘भिंगरी सापडत नाही’. पडदा लगेच हिरवा झाला. सुसाटने सगळ्यांना कॉफी पाजली.

मी मंजुरीचं बटण दाबत होते तेव्हा काका धावत आले होते. त्यांना मी इतक्या घाईत कधी पाहिलं नव्हतं. नको, नको, घरातली नावं काढा, असं काहीसं म्हणत होते. मी बटण दाबून त्यांच्याकडे वळले तर मागे कुणी नव्हतं. गेले असतील रागावून. नावं बदलायची राहिलीच, उद्या बघते.

शुक्रवार, १५ मार्च

काका आले नाहीत. मी सुसाटला विचारलं, कोपऱ्यातले काका रजेवर आहेत का. तो म्हणाला, कोण काका? त्या कोपऱ्यात तर खोकी ठेवतात. बघितलं, खरंच खोकी होती. त्यांच्यावर चांगली बोटभर धूळ.

काल तिथे टेबल होतं. शपथेवर सांगते, होतं.

चाचणीतली नावं बदलायला गेले तर बदल जतनच होईना. यंत्र बिघडलं असेल. चार वेळा केलं, मग कंटाळून उठले.

मंगळवार, १९ मार्च

भिंगरी शाळेतून रडत आली. बाईंनी हजेरीत तिचं नावच घेतलं नाही म्हणे. ती दिवसभर हात वर करून बसली होती. खांदा दुखेपर्यंत.

मी तावातावाने शाळेत गेले. बाईंच्या समोर उभी राहून बोलले, चांगलं खडसावून. त्या वह्या तपासत राहिल्या. मग दिवा मालवून, दार लावून निघून गेल्या. आम्ही दोघी आतच होतो.

घरी येताना रखवालदारीणबाई दारात बसलेल्या. भिंगरीने नेहमीसारखा हात पुढे केला. त्या सुईत दोरा ओवत राहिल्या. भिंगरी हात पुढे करून उभीच. मी तिला उचलून वर आणलं.

गुरुवार, २१ मार्च

ऑफिसात सुसाटने त्याचा कोट माझ्या खुर्चीवर टाकला. मी खुर्चीत बसलेली होते. कोट माझ्या मांडीवर पडला. मी ओरडले. त्याने कोटाच्या खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, रुमाल परत ठेवला.

उलटा बदल पाठवला, सगळं पूर्ववत करणारा. माझ्या पडद्यावर तो पहिल्याच ओळीत दिसतो. बाकी कुणाच्याही पडद्यावर उमटत नाही. मी त्यांच्या खांद्यांवरून वाकून एकेकाचा पडदा पाहिला.

दादाला फोन लावला. त्याने उचलला. हॅलो, हॅलो म्हणाला. मी रडत रडत सगळं सांगत होते. त्याने वहिनीला सांगितलं, कुणी बोलतच नाही, आणि ठेवून दिला.

मला भीती वाटते आहे. लिहिल्यावर कमी होईल असं वाटलं होतं.

शुक्रवार, २२ मार्च

काका दिसले.

कोपऱ्यात टेबल आहे. खोकी नाहीत. काका खिडकीपाशी बसलेत आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर एक बाई. बाई म्हणजे — वय माझ्याएवढं असेल. केस कुणीतरी घरी कापल्यासारखे वेडेवाकडे. काकांची बाही मुठीत धरून बसली होती, लहान मूल धरतं तशी. मी तिच्याकडे बघितलं तर ती थरथर कापायला लागली.

काकांनी सांगितलं, असाच बदल पूर्वीही एकदा आला होता, नंतर तो मागेही घेतला गेला. तेव्हा तपासणारे ते होते. त्यांनीही चाचणीत घरचीच नावं घातली होती. मी विचारलं, यातून परत कसं यायचं? ते म्हणाले, आपण येत नाही. आत जे आहे ते दुसऱ्या घरात नेऊन ठेवलं तर ते दिसतं. पण मग ते त्या घराचं होतं. त्याला आपण दिसत नाही.

मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “ही माझी मुलगी. मला हिला सोडवेना. मी जवळच ठेवली.”

तिने मला काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत. बापाशिवाय कुणाशी ती कधी बोललीच नाहीये.

शनिवार, २३ मार्च

आज दिवसभर भिंगरीबरोबर घरात. नळाला आजोबा म्हणून हाका मारल्या. तिने बटणं रांगेत मांडली, निळं सगळ्यांत पुढे. ती हसत होती. मला दिसते, मला ऐकू येते, आम्हाला दोघींना आणखी काय हवं — असं सारखं मनात येत होतं.

आणि सारखी ती बाही धरलेली मूठ डोळ्यांपुढे येत होती.

उद्या दादाकडे.

रविवार, २४ मार्च

बसमध्ये तिकीट कुणी मागितलं नाही. एक जाडजूड गृहस्थ आमच्यावरच बसायला आले, आम्ही उठलो.

भिंगरीला सांगितलं, खेळ आहे. मामीने दार उघडलं की उडी मारून आत जायचं आणि मागे वळायचं नाही. ती म्हणाली, आणि तू? म्हटलं, मी दाराबाहेरच आहे. हे खोटं नाही. मी खोटं बोलले नाही तिच्याशी.

तिने बटणं खिशात भरून आणली होती. तिचे केस विंचरले. परत विंचरले. बेल वाजवली.

वहिनीने दार उघडलं, इकडेतिकडे बघितलं, लावायला निघाली. मी भिंगरीला ढकललं. जोरात ढकलावं लागलं, तिने माझा पदर धरला होता —

तिचे पाय उंबरठ्याच्या आत पडले आणि वहिनी म्हणाली, “अगं भिंगरी! तू एकटी कशी आलीस?”

भिंगरी मागे वळली. मला दाखवायला तिने बोट वर केलं. बोट तसंच राहिलं. ती जिन्याकडे बघत होती, वरखाली, वरखाली.

मंगळवार

जिन्यात बसले आहे. दाराला कान लावला की सगळं ऐकू येतं. काल दादा विचारत होता, आई कुठे आहे. फोन करत होता. आज विचारलं नाही.

ती दूध प्यायली. बरं झालं.

बुधवार की गुरुवार

दाराबाहेर पायपुसण्यावर एक बटण. निळं.

तिने ठेवलं. दार किलकिलं करून, आतूनच. आई बाहेर आहे असं मी सांगितलं होतं ना. लक्षात आहे तिच्या —

घेतलं नाही. उचलायला नको होतं — हात लावला — परत ठेवलं —

आज

बटणं आता आठ. दादा विचारतोय, ही बटणं कुठून येतात. वहिनी म्हणते, पोर एकटीच बडबडते दाराशी.

मी गेले पाहिजे. इथून गेले पाहिजे. उद्या —

दुपार

दार उघडलंय. भिंगरी उभी आहे. मुठीत बटण.

माझ्याकडे बघत नाही. माझ्या मागच्या भिंतीकडे. पण हात बरोबर माझ्यासमोर धरलाय.

वहिनी तिच्या मागेच आहे. हाका मारते आहे, भिंगरी, भिंगरी, कुठे गेलीस गं — समोर तर उभी आहे — वहिनी, समोर बघ —

एक पाऊल उंबरठ्याबाहेर आहे तिचं.

आता ती भिंतीकडे बघत नाही. माझ्याकडे बघते आहे. हसली —

भिंगरी, पाऊल मागे घे. मला बटण नको. आत जा, बाळा, आत जा आणि दार