टिंक्चर कोणाचे?

मी, औषधांचे अर्क काढणारी बाई, वय वर्षे चौऱ्याहत्तर, डोके ठिकाणावर असताना (धाकट्या बहिणीचे मत वेगळे आहे) आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. याआधीचे मृत्युपत्र रागात केले होते. ते फाडले आहे.

१. राहते घर मुलाला. जिन्याचा कठडा त्याने आधी दुरुस्त करावा, नाहीतर त्यालाही लवकरच मृत्युपत्र करावे लागेल.

२. खलबत्ता, गाळण्या आणि सर्व बरण्या भाचीला. तिचा हात हलका आहे. बुचे मात्र घट्ट लावायला शिकावे.

३. आता दुकान. वडिलांनी आम्हा दोघींना एकच दुकान दिले आणि पाटी एकच: 'टिंक्चर'. मी अर्क काढायची, धाकटी सूत रंगवायची. पाटीवर खाली कोणाचा धंदा आधी लिहायचा, यावरून वाजले.

मी म्हणाले, "टिंक्चर म्हणजे जखमेवर लावायचं औषध. शेंबडं पोरही सांगेल."

"ताई, हा शब्द मुळात रंगाऱ्यांचा!" तिने शब्दकोश पुढ्यात आपटला. मूळ लॅटिन अर्थ: रंगात बुडवणे. औषध मागाहून आले.

"लॅटिन गेली खड्ड्यात. आपल्याकडे कषाय म्हणजे काढाच ना?"

"आणि तांबूस रंगसुद्धा. वाच पुढे."

मी पुढे वाचले नाही. दुकानात मधोमध भिंत घातली. मग कित्येक वर्षे आम्ही एकमेकींचा फक्त खोकला ऐकला.

गेल्या वर्षी पलीकडून किंकाळी आली. पत्र्याने तिचा हात कापला होता. मी बाटली घेऊन धावले. निळ्याशार हातावर तपकिरी टिंक्चर ओघळले.

"झोंबतंय का गं?"

"झोंबू दे. रंग बघ काय सुरेख आलाय!"

दोघी फरशीवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून भिंत पाडली.

सबब माझे अर्धे दुकान धाकटीला. पाटीवर तिचा धंदा आधी लिहावा. मी थोरली असले, तरी अर्थ तिचा थोरला आहे.

४. साक्षीला तिलाच बोलावले होते. वकील म्हणाले, "ज्यांना काही मिळणार, त्यांनी साक्ष करू नये." झाले, तिला सगळे कळले. तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसली, "अर्ध्या दुकानापायी मी तुला मरू देणार नाही. ऊठ, गिऱ्हाईक खोळंबलंय."

म्हणून उरलेली कलमे सवडीने. सही ठोकून निघते.

सही: थोरली
साक्षीदार: शेजारचा शिंपी (सही), समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई (सही)
ठिकाण: आमचे दुकान
दिनांक: आजचा, वकिलांनी घालावा