कोळंब्यांसोबत नको

१२ फेब्रुवारी, सकाळचे सात

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

टक्-टक्, टक्. कवितेच्या तासाला आमचे गुरुजी बाकावर पट्टीने अशी चाल धरायचे आणि चाळीस पोरं एका सुरात गायची. साठ वर्षांपूर्वीचा तो आवाज आज पहाटे कानी आला, म्हणून उठून बसलो. पाहतो तर तुझ्या माशांच्या टाकीचा फिल्टर, पाणी टपटपत होतं. हो, तुझी टाकी चालू झाली आहे!

वर आधी 'चि. सौ.' लिहून खोडलं. दोन वर्षं तू वेगळी राहतेस, तुला ते रुचेल की नाही कळेना. 'सूनबाई' मात्र खोडवेना. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालवून घेतात. ठकीचे पुढचे दात आले का? की अजून 'आदोबा'च म्हणते?

तुझं पत्र येऊन महिना झाला. त्यात प्रश्न एकच होता: त्या संध्याकाळी तुम्ही गप्प का बसलात? खरं काय ते सांगा, मग ठकीला घेऊन येईन, असं लिहिलंस. सांगणार आहे. पण आधी माशांचं सांगू दे.

चार महिन्यांपूर्वी टाकीखालचं कपाट आवरताना तुझी वही सापडली. वाळू, दगड, मॉसच्या शेवाळाचे गड्डे सगळं लावून तू गेलीस आणि मासे यायचे राहिले, ते वहीत जसेच्या तसे वाट बघत होते. 'निऑन मासे आठ. कमी नकोत, एकटेदुकटे घाबरतात. लाल कोळंब्या दहा. गोगलगाय एक.' कोण वरच्या पाण्यात फिरेल, कोण मधे, कोण तळाशी. कुणाची कुणाला अडचण होणार नाही. अगं, मी आयुष्यभर वृत्तं आणि यमकं जुळवत बसलो, पण इतकी नेमकी जुळणी मला कधी साधली नाही.

मग गेलो तुझ्या त्या शोभेच्या माशांच्या दुकानात. मालकीणबाई गल्ल्यावरून म्हणाल्या, "आजोबा, पाणी आणलंत?"

"पाणी कसलं? मासे न्यायला आलोय."

"आधी टाकीतलं पाणी दाखवा, मग मासे."

दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन गेलो. त्यांनी नळीत औषधाचे थेंब टाकले, रंग बघितला आणि मान हलवली. "कच्चं आहे अजून. पंधरा दिवसांनी या."

"तोवर मी काय करू?"

"बघत बसा."

"रिकामी टाकी?"

"रिकामी नसते ती. पाणी तयार होत असतं."

तीन वेळा परत पाठवलं मला! गिऱ्हाईक दारात उभं आणि ही बाई विकायला तयार नाही. मी तर त्यांच्यावर फिदाच झालो. चौथ्या खेपेला मासे मिळाले. निऑनची ती निळी रेघ पाण्यात वळली की वाटतं, कुणीतरी एका दमात ओळ लिहून टाकली. आणि कोळंब्या! दिवसभर चिमुकल्या हातांनी काहीतरी वेचत असतात, तक्रार नाही की गडबड नाही. एकदा एक पारदर्शक साल तळाशी दिसली. मेली म्हणून मी हळहळत बसलो, तर तुझ्या वहीत लिहिलेलं: 'कात टाकतात, घाबरू नका. त्यानंतर दोन दिवस अंग मऊ असतं, म्हणून लपून राहतात.' तू कुठे शिकलीस गं हे सगळं? आपण एका घरात सहा वर्षं राहिलो आणि मी तुला कधी विचारलं नाही.

आता खरं ते. वहीच्या शेवटच्या पानावर तू लिहिलं आहेस: 'फायटर मासा. अतिशय सुंदर. कोळंब्यांसोबत नको. बाबांना मोह होईल.'

झाला. बाई दुकानात नव्हत्या, त्यांचे यजमान होते. घरात कोळंब्या आहेत का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी बोललो नाही. जांभळा, झालरीसारखी शेपटी. कवितेतली मासोळी अशीच असते आणि ती कुणाला चावत नाही. कोळंब्या दहाच्या सात झाल्या. सातांच्या पाच. लपल्या असतील, असं मी स्वतःला समजावत होतो. मग एका सकाळी डोळ्यांदेखत पाहिलं. एक कोळंबी नुकती कात टाकून मॉसखाली बसली होती. फायटरने तिची मिशी तोडली. गेला, वळला, पुन्हा आला. आणि मी हललो नाही. शेपटीवर ऊन पडलं होतं, फार देखणं दिसत होतं.

तेव्हा मला ती संध्याकाळ दिसली. चिरंजीवांचे मित्र चहाला आले होते. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन. चिरंजीव म्हणाले, "हिच्या डोक्यासारखीच टाकी आणलीय हिने. पाणी भरपूर, आत काही नाही." सगळे हसले. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी पेपर वर उचलला.

तू लिहितेस, मी गप्प बसलो. सूनबाई, मी गप्प नव्हतो. पेपराआड मी हसत होतो. शब्द चपखल बसला की मला दाद द्यावीशी वाटते, तो कुणाला लागला हे नंतर सुचतं. कधीकधी दोन वर्षांनी. त्याचं रोजचं ते टोचणं मी असंच ऐकत आलो, माझ्याच मुलाच्या हजरजबाबीपणाचं कौतुक करत. लहानपणी त्याला ती सवय मीच लावली. तुझं काहीही चुकलं नव्हतं. हे त्याच वेळी, सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं.

फायटरला त्याच सकाळी वेगळ्या बरणीत हलवलं. कोळंब्या चार उरल्या आहेत. एकीच्या पोटाखाली अंडी आहेत, त्यांना ती सारखा वारा घालते.

हे वाचून ठकीला आणावंसं वाटलं नाही, तर मी समजेन. उत्तर गोड करून लिहिता आलं असतं. हात त्यात तयार आहे. तसं केलं नाही, एवढंच.

तुझा अपराधी आणि तुझ्या वहीचा विद्यार्थी,
बाबा

ता. क. पाकीट शोधत होतो तोच बेल वाजली. दार उघडलं तर चिरंजीव. आठ महिन्यांनी, ना फोन ना निरोप. हातात बॅग, चेहरा उतरलेला. टाकीपुढे जरा उभा राहिला. आत हातपाय धुतो आहे. तिथूनच विचारलं, "बाबा, सकाळी सकाळी कुणाला लिहिताय?"

"सूनबाईला," म्हणालो.

आतला नळ बंद झाला आहे. मी पत्राची घडी घालत नाही. टेबलावर उघडंच ठेवून, त्याच्यासाठी खुर्ची ओढतो.